हार्टले हॉलमधली खोली

लहानपणी मी कोलंबिया शोधलं ते शाळेच्या नकाशात, आणि मला ते दक्षिण अमेरिकेत सापडलं. आमच्या आळीच्या मागेच भीमनगर. चौदा एप्रिलच्या रात्री तिथं गायनपार्टी यायची. अब्बांचं सायकल दुरुस्तीचं दुकान त्या दिवशी लवकर बंद व्हायचं आणि आम्ही पोरं पोत्यावर बसून पहाटेपर्यंत गाणी ऐकायचो. त्या गाण्यांत बडोद्याचे महाराज यायचे, आगबोट यायची आणि कोलंबिया यायचं. नकाशातल्या कोलंबियाच्या शेजारी लिहिलं होतं : कॉफी. दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारलं, ‘‘बाबासाहेब कॉफीच्या देशात काय शिकले?’’ गुरुजी हसले नाहीत. म्हणाले, ‘‘ते कोलंबिया निराळं. तो देश नाही, विद्यापीठ आहे. न्यूयॉर्कात.’’

आकाशवाणीच्या मित्रांनी जगातल्या नामांकित विद्यापीठांपैकी एकावर बोला म्हटलं, तेव्हा मी म्हणालो, ‘‘अहो, मी साधा बी. ए. झालेला माणूस. मुंबईच्या पलीकडचा समुद्र पाहिलेला नाही.’’ पण मनात नाव आलं ते एकच. ते गुरुजींनी सांगितलेलं विद्यापीठ. त्यानिमित्तानं इतक्या वर्षांत जे वाचलं होतं ते पुन्हा काढून वाचलं आणि लक्षात आलं, की या विद्यापीठाचा इतिहास मला इमारतींतून वा नोबेल पारितोषिकांच्या यादीतून कळतच नाही. तो कळतो तिथल्या खोल्यांतून. कुणाला खोली मिळाली, कुणाला नाही, आणि मिळाली ती कशी.

सुरुवात १७५४ची. आपल्याकडे नानासाहेब पेशव्यांचा अंमल होता आणि न्यूयॉर्क ही इंग्रजांची वसाहत. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरला दुसऱ्या जॉर्ज राजाच्या सनदेनं तिथं ‘किंग्ज कॉलेज’ निघालं. पहिल्या वर्गात विद्यार्थी आठ. ट्रिनिटी चर्चला लागून असलेल्या शाळेच्या खोलीत वर्ग भरायचा. जमीन चर्चनं दिली. पैसा मात्र उभा राहिला लॉटरीतून, आणि त्यावरून भांडण पेटलं. जनतेनं तिकिटं घेतली, तर मग कॉलेज एका पंथाच्या चर्चच्या हाती का, असा सवाल विरोधकांनी केला. दोनेक वर्षं वाद चालला. शेवटी तोड अशी निघाली, की निम्मा पैसा कॉलेजला आणि निम्मा शहराला. शहरानं आपल्या निम्म्यात काय करायचं? तुरुंग आणि साथीच्या रोग्यांना वेगळं ठेवायची इमारत! एका नामांकित विद्यापीठाचा आणि एका तुरुंगाचा पाया असा एकाच लॉटरीतून घातला गेला.

कॉलेजात कोण यायचं? व्यापाऱ्यांची, जमीनदारांची मुलं. १७७३ साली जॉर्ज वॉशिंग्टन यांचा सावत्र मुलगा जॉन कस्टिस इथं शिकायला आला. येताना ज्यो नावाचा गुलाम घेऊन आला. राहायला एक मोठी बैठक आणि तिला लागून दोन छोट्या खोल्या मिळाल्याचं त्यानं घरी आईला कळवलं. एकीत तो झोपायचा, दुसरी ज्योची. म्हणजे काळ्या माणसाला त्या कॉलेजात तेव्हाही खोली मिळाली होती. मालकाच्या खोलीला लागून. हे सगळं जुनं दप्तर कोलंबियानंच अलीकडे बाहेर काढलं. एरिक फोनर या इतिहासकारानं विद्यार्थ्यांना हाताशी धरून जुनी कागदपत्रं तपासली आणि गुलामगिरी संपेपर्यंत होऊन गेलेल्या दहा अध्यक्षांपैकी निम्म्यांनी कधी ना कधी गुलाम बाळगले होते, हे विद्यापीठानं २०१७ साली जगापुढे मांडलं. आपल्या किती संस्था आपलं दप्तर असं उघडतील, हा विचार मनात येतो. पण तो बाजूला ठेवू.

अलेक्झांडर हॅमिल्टन, जॉन जे ही अमेरिकेच्या स्वातंत्र्यलढ्यातली मंडळी याच कॉलेजची. युद्धात कॉलेज बंद पडलं. इंग्रज राजा गेला, तेव्हा ‘किंग्ज’ हे नाव कसं चालावं? १७८४ साली ते उघडलं ते ‘कोलंबिया’ होऊन. कोलंबसावरून अमेरिकेला दिलेलं हे कवींचं लाडकं नाव. माझ्या नकाशातल्या देशाचं नावही त्याच कोलंबसावरून आलेलं, त्यामुळे माझी चूक अगदीच बिनबुडाची नव्हती.

आता ‘खासगी विद्यापीठ’ या शब्दाविषयी. तो ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे शिक्षणसम्राट येतात; संस्थापकाचा पुतळा, मुलगा सचिव, सून प्राचार्य. कोलंबियाला असा मालक नाही. विश्वस्त असतात, ते अध्यक्ष नेमतात. देणग्या येतात त्या खर्चून टाकायच्या नाहीत, गुंतवायच्या आणि त्यांच्या उत्पन्नावर चालवायचं. आज हा निधी १४ अब्ज डॉलरहून अधिक आहे. सरकारनं पैसे दिले नाहीत तर सरकारला ऐकवायचाही अधिकार नाही, असा त्यामागचा हिशेब. हा हिशेब पुढे कसा चुकला ते सांगेनच.

या श्रीमंतीमागे एक गमतीची गोष्ट आहे. १८१४ साली कॉलेज तंगीत होतं. राज्य सरकारकडे हात पसरला, तर सरकारनं रोकड न देता एक मोडकळीला आलेली बाग गळ्यात मारली. होसॅक नावाच्या डॉक्टरनं लावलेली औषधी वनस्पतींची बाग, सुमारे वीस एकर, शहरापासून कित्येक मैल लांब. विश्वस्त हिरमुसले. पण शहर वाढत वाढत त्या बागेपर्यंत आलं आणि तिला ओलांडून पुढे गेलं. आज तिथं रॉकफेलर सेंटर उभं आहे. कोलंबियानं ती जागा पिढ्यान्‌पिढ्या भाड्यानं दिली आणि अखेर रॉकफेलर सेंटरखालची जमीन १९८५ साली ४० कोटी डॉलरना विकली. हा ४० कोटींचा आकडा लक्षात असू द्या.

१८५७ साली कॉलेज जुनी जागा सोडून शहरात वर सरकलं. त्याच वर्षी आपलं मुंबई विद्यापीठ स्थापन झालं. दोघांत फरक मोठा होता. मुंबईचं विद्यापीठ शिकवत नसे, परीक्षा घेई. कॉलेजांनी शिकवायचं, विद्यापीठानं प्रश्नपत्रिका काढायची, निकाल लावायचा. ते लंडन विद्यापीठावरून बेतलेलं होतं. तिकडे अमेरिकेत मात्र जर्मनीचं वारं शिरलं. जर्मनीत शिकून आलेले प्राध्यापक म्हणू लागले, की असलेलं ज्ञान पाठ करून घेणं म्हणजे विद्यापीठ नव्हे, नवं ज्ञान तयार करणं हे त्याचं काम. बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ १८७६ साली याच हेतूनं निघालं. कोलंबियात जॉन बर्जेस यांनी १८८० साली राज्यशास्त्राची शाखा उघडली आणि ‘सेमिनार’ सुरू झाले. एका टेबलाभोवती दहा-पंधरा जण. एकानं अभ्यास करून निबंध वाचायचा, बाकीच्यांनी तो उसवायचा, आणि त्यात प्राध्यापकाचं म्हणणंही उसवायची मोकळीक. मी बी. ए.ला होतो तेव्हा सर ‘लिहून घ्या’ म्हणायचे आणि आम्ही लिहून घ्यायचो. पूर्णविरामसुद्धा त्यांचेच.

१८९६ साली कोलंबियानं स्वतःला ‘विद्यापीठ’ म्हणवून घेतलं आणि १८९७ साली ते हार्लेम वस्तीच्या माथ्यावरल्या टेकडीवर गेलं. ती जागा आधी वेड्यांच्या इस्पितळाची. त्यातली एक इमारत आजही आवारात उभी आहे. मधोमध घुमटाचं ग्रंथालय बांधलं ते अध्यक्ष सेथ लो यांनी, पदरचे दहा लाख डॉलर घालून, वडिलांच्या नावानं. हे वडील चहाचे आणि रेशमाचे मोठे व्यापारी. तरुणपणी ते चीनमध्ये रसेल अँड कंपनीत भागीदार होते आणि त्या कंपनीच्या मालात अफूही होती. त्याच काळात आपल्या मुंबई बंदरातूनही माळव्याची अफू चीनला जात होती आणि त्या व्यापारातल्या पैशानं आपल्याकडेही इस्पितळं नि शाळा उभ्या राहिल्या. दानाच्या पैशाचा माग काढत फार मागे जाऊ नये, असं आमच्या अम्मी म्हणायच्या. इतिहासात मात्र जावंच लागतं.

या टेकडीवर जुलै १९१३मध्ये भीमराव रामजी आंबेडकर नावाचे बावीस वर्षांचे गृहस्थ पोहोचले. वडील फेब्रुवारीत वारले होते. महाराजा सयाजीरावांनी दरमहा साडेअकरा पौंडांची तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली होती, बदल्यात परत येऊन बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरीचा करार. शाळेत या मुलाला संस्कृत शिकायचं होतं, ते शिकवायला नकार मिळाला आणि म्हणून त्यानं फारसी घेतली होती. माझ्यासारख्याला ही गोष्ट फार जवळची वाटते. ज्या भाषेची वाट त्याच्यासाठी बंद झाली तिच्या शेजारी आमच्या आज्या-पणज्यांच्या अदबीची भाषा उभी होती, तिनं त्याला आत घेतलं.

पहिले काही दिवस त्यांचा मुक्काम हार्टले हॉल या वसतिगृहात होता. पुढे ते लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये नवल भथेना या पारशी मित्रासोबत राहिले. हा स्नेह जन्मभर टिकला. तीन वर्षांत त्यांनी किती विषयांचे तास केले ते पाहिलं की छाती दडपते : अर्थशास्त्राचे २९, इतिहासाचे ११, समाजशास्त्राचे ६, तत्त्वज्ञानाचे ५, मानववंशशास्त्राचे ४, शिवाय थोडं राज्यशास्त्र, फ्रेंच आणि जर्मन. अर्थशास्त्राला एडविन सेलिग्मन, तत्त्वज्ञानाला जॉन ड्यूई, इतिहासाला रॉबिन्सन आणि शॉटवेल. ड्यूई शिकवताना अडखळत, थांबत, खिडकीबाहेर पाहत बोलायचे म्हणतात. पण त्यांचं म्हणणं होतं, की लोकशाही ही नुसती राज्य चालवायची पद्धत नाही, ती एकमेकांसोबत जगायची रीत आहे. बाबासाहेबांच्या पुढच्या लिखाणात हा विचार जागोजाग सापडतो.

९ मे १९१६ या दिवशी अलेक्झांडर गोल्डनवायझर यांच्या सेमिनारमध्ये त्यांनी भारतातल्या जातींवर निबंध वाचला. हे गोल्डनवायझर कीव्ह शहरातून आलेले आणि फ्रान्झ बोआस यांचे शिष्य. बोआस स्वतः जर्मनीहून आलेले ज्यू. माणसाचा वंश त्याची बुद्धी ठरवत नाही, हे मोजमापं घेऊन सिद्ध करण्यात त्यांनी आयुष्य घातलं, तेही अमेरिकेत जेव्हा उलट मत शहाणपणाचं समजलं जात होतं तेव्हा. अशा लोकांच्या टेबलाशी बसून एक महार तरुण सांगत होता, की जात ही रक्तातून आलेली नाही. आपल्यातच लग्न करायच्या सक्तीनं ती तयार झाली आणि टिकली. मुंबईच्या विद्यापीठात या निबंधाला किती गुण पडले असते कोण जाणे.

डॉक्टरेटचा प्रबंधही तयार झाला, पण कोलंबियाचा नियम होता की प्रबंध छापून त्याच्या प्रती विद्यापीठात जमा करायच्या, तेव्हाच पदवी. शिष्यवृत्तीवाल्याकडे छपाईला पैसे कुठले? सेलिग्मन यांच्या प्रस्तावनेसह तो ग्रंथ लंडनला निघाला १९२५ साली आणि पीएच. डी. रीतसर हाती आली १९२७ साली, म्हणजे चवदार तळ्याच्या वर्षी.

पण मधे १९१७ आहे. करारानुसार ते बडोद्याला नोकरीवर हजर झाले. जवळ कोलंबियाची एम. ए., लंडनचं अर्धं शिक्षण, आणि शहरात राहायला खोली नाही. एका पारशी विश्रामगृहात पारशी नाव सांगून दीड रुपया रोजानं राहिले. अकराव्या दिवशी डझनभर माणसं लाठ्या घेऊन दारात उभी राहिली. एका हिंदू मित्राला विचारलं, एका ख्रिस्ती मित्राला विचारलं. दोघांनीही आपापली अडचण सांगितली. मग कामाठी बागेत झाडाखाली बसून त्यांनी रात्रीच्या मुंबईच्या गाडीची वाट पाहिली. परदेशातल्या वर्षांत आपण अस्पृश्य आहोत याचा आपल्याला विसरच पडला होता, असं त्यांनी पुढे लिहून ठेवलं आहे.

इथं थोडं माझं. १९९०नंतरची गोष्ट. नोकरीसाठी एका मोठ्या शहरात खोली शोधत होतो. एसटीडी बूथवरून एका घरमालकांना फोन लावला. भाडं ठरलं, पाण्याची वेळ सांगितली. ते म्हणाले, ‘‘तुमचं मराठी फार छान आहे हो, हल्ली असं ऐकायला मिळत नाही.’’ मी सुखावलो. कवीच मी. मग त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं. पलीकडे थोडा वेळ काही आवाज नाही. मग, ‘‘एक मिनिट हं... आमच्या भावानं बहुतेक कुणाला तरी आधीच शब्द दिलाय.’’ मीटर पडतच होता. पैसे माझेच गेले.

हे सांगितलं ते लँगस्टन ह्यूज या कवीमुळे. १९२१ साली हा एकोणीस-वीस वर्षांचा काळा मुलगा मेक्सिकोहून कोलंबियात आला. वडील तिकडे राहायचे, फी तेच भरणार होते. मुलाला खरं तर टेकडीखालचं हार्लेम पाहायचं होतं. विद्यापीठ हे निमित्त. प्रवेश पत्रानं झाला, खोलीही पत्रानंच राखून ठेवलेली, तीही हार्टले हॉलमध्ये. मेक्सिकोहून पत्र आलं म्हणजे कुणी मेक्सिकन असेल, असं कार्यालयानं धरून चाललं असावं. ह्यूज काउंटरवर उभा राहिला आणि तिथल्या बाईंचा चेहरा बदलला. खोल्या भरल्या आहेत म्हणाल्या. बरीच शोधाशोध झाली, नोंद सापडलीच, तेव्हा नाइलाजानं किल्ली दिली. वर्षभरात त्यानं विद्यापीठ सोडलं. आत्मचरित्रात त्यानं हे सगळं न चिडता, जवळजवळ हसत लिहिलंय. ते वाचताना मला तो एसटीडी बूथ आठवला.

हार्टले हॉल तोच. आठ वर्षांपूर्वी आपल्या माणसाला तिथं खोली मिळाली होती. हे कसं? मला वाटतं, परदेशातून आलेला एकटादुकटा विद्यार्थी हा पाहुणा असतो. त्याचा त्या घरातल्या वाटणीशी संबंध नसतो. अमेरिकेचा काळा मुलगा पाहुणा नव्हता, घरातलाच होता, आणि म्हणून त्याची अडचण होती. बडोद्यात नेमकं उलटं घडलं. तिथं बाबासाहेब घरातले होते.

१९२४ साली याच आवारात आणखी वाईट घडलं. फर्नाल्ड हॉल या वसतिगृहात फ्रेडरिक वेल्स नावाचा कायद्याचा काळा विद्यार्थी राहायला आला, तेव्हा काही गोऱ्या मुलांनी बोभाटा केला आणि एका रात्री मैदानात क्रूस पेटवला गेला. विद्यापीठानं मात्र वेल्सला बाहेर काढायला नकार दिला. पाच वर्षांनी त्याच फर्नाल्ड हॉलमध्ये स्पेनचा कवी लोर्का इंग्रजी शिकायला येऊन राहिला. इंग्रजी त्याला फारशी आली नाही. तो हार्लेममध्ये भटकला, शेअरबाजार कोसळताना पाहिला आणि न्यूयॉर्कवर कविता लिहून गेला. पुढे १९३६ साली स्पेनमध्ये त्याला गोळ्या घातल्या. त्या कविता पुस्तकरूपानं आल्या त्या तो गेल्यावर.

बोआस आणि सेलिग्मन यांच्यासारखे ज्यू प्राध्यापक ज्या विद्यापीठाचं भूषण होते, तिथंच पहिल्या महायुद्धानंतर ज्यू मुलांची संख्या कमी करायचं ठरलं. न्यूयॉर्कमधली गरीब स्थलांतरितांची हुशार पोरं परीक्षेत फार पुढे येऊ लागली होती. अध्यक्ष निकोलस मरे बटलर १९०२पासून १९४५पर्यंत गादीवर. उघड बंदी घालणं त्यांना शोभलं नसतं. मग प्रवेशअर्ज बदलला. धर्म कोणता, वडील कुठं जन्मले, आईचं माहेरचं आडनाव काय, फोटो जोडा, मुलाखतीला या. आज अमेरिकेतली विद्यापीठं मुलाचं ‘एकूण व्यक्तिमत्त्व’ पाहतात याचं आपल्याला कौतुक. त्या प्रथेचं एक मूळ इथं आहे. शिवाय १९२८ साली ब्रुकलिनमध्ये एक निराळं छोटं कॉलेज काढून ज्यू आणि इटालियन पोरांना तिकडे वळवण्यात आलं. पुढे विज्ञानकथांसाठी जगभर गाजलेला आयझॅक असिमोव्ह असाच तिकडे पाठवला गेला. रिचर्ड फाइनमनला तर दारातूनच परत पाठवलं. तो एमआयटीला गेला आणि नोबेल घेऊन आला.

मुलींची गोष्ट तर आणखी लांबली. १८८३ साली आपल्या आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, त्याच वर्षी कोलंबियानं मुलींना परीक्षा द्यायची मुभा दिली. वर्गात बसायची नाही. मुलींना आत घ्या म्हणून धडपडणारे अध्यक्ष बर्नार्ड १८८९ साली वारले आणि त्याच वर्षी त्यांच्या नावानं शेजारी मुलींचं कॉलेज निघालं. तिथं पुढे झोरा नील हर्स्टन ही काळी लेखिका बोआस यांच्या हाताखाली शिकली, तेव्हा अख्ख्या कॉलेजात काळी मुलगी ती एकटी. मुलांच्या मूळ कॉलेजचा दरवाजा मुलींना उघडला तो १९८३ साली.

बटलर यांनी विद्यापीठ मोठं केलं यात शंका नाही. पत्रकारितेची शाळा, पुलित्झर पारितोषिकं, सगळं त्यांच्या काळातलं. पण १९१७ साली अमेरिका महायुद्धात उतरली आणि युद्धाविरुद्ध बोलणाऱ्या दोन प्राध्यापकांना काढून टाकण्यात आलं. चार्ल्स बिअर्ड हे मोठे इतिहासकार स्वतः युद्धाच्या बाजूचे होते. तरी त्यांनी निषेध म्हणून राजीनामा दिला आणि निघून गेले. विरुद्ध मताच्या माणसासाठी खुर्ची सोडणारा माणूस मला नेहमीच मोठा वाटत आलाय.

मघाशी म्हटलेला हिशेब चुकला तो दुसऱ्या महायुद्धात. जानेवारी १९३९मध्ये कोलंबियाच्या प्युपिन इमारतीच्या तळघरात अमेरिकेतला पहिला अणुविभाजनाचा प्रयोग झाला. फॅसिस्ट इटलीतून निघून आलेले फर्मी तेव्हा इथंच होते. अणुबॉम्बच्या योजनेला मॅनहॅटनचं नाव उगाच पडलेलं नाही. तेव्हापासून संशोधनाला सरकारी पैसा येऊ लागला आणि त्याशिवाय चालेनासं झालं. नाव खासगी, पण प्रयोगशाळा दिल्लीच्या, म्हणजे वॉशिंग्टनच्या, पैशावर.

१९६८च्या एप्रिलमध्ये या सगळ्याचा स्फोट झाला. लष्करी संशोधनाशी विद्यापीठाचे संबंध होते, व्हिएतनामचं युद्ध पेटलेलं होतं, मार्टिन ल्यूथर किंग यांची त्याच महिन्यात हत्या झालेली. ठिणगी पडली ती एका व्यायामशाळेवरून. टेकडी आणि हार्लेम यांच्या मधल्या सार्वजनिक बागेत विद्यापीठाला व्यायामशाळा बांधायची होती. वर टेकडीवर विद्यार्थ्यांसाठी मोठं दार. खाली हार्लेमच्या लोकांसाठी निराळं दार आणि इमारतीचा छोटा हिस्सा. वरचं दार आणि खालचं दार म्हणजे काय, हे आपल्या कुठल्याही गावातल्या माणसाला समजावून सांगावं लागणार नाही. विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल आणि आणखी इमारती ताब्यात घेतल्या. ३० एप्रिलच्या पहाटे पोलिस आत घुसले, सातशेहून अधिक जणांना धरलं. व्यायामशाळा मात्र बारगळली. तिच्या पायासाठी खणलेल्या खड्ड्याचं पुढे तळं झालं. माझ्या मित्राचा मुलगा न्यू जर्सीला असतो, त्यानं फोटो पाठवलाय. बदकं पोहतायत.

पॅलेस्टाइनचे एडवर्ड सईद या विद्यापीठात १९६३पासून २००३साली मृत्यू येईपर्यंत साहित्य शिकवत होते. २००० साली त्यांनी लेबनॉनच्या सीमेवर दगड भिरकावल्याचा फोटो छापून आला, त्यांच्यावर कारवाईची मागणी झाली, तेव्हा विद्यापीठ त्यांच्या पाठीशी उभं राहिलं. २०२४ साली मात्र गाझातल्या युद्धाविरुद्ध विद्यार्थ्यांनी हिरवळीवर तंबू ठोकले आणि दुसऱ्याच दिवशी अध्यक्षांनी पोलिस बोलावले. शंभरावर अटका झाल्या. पोरं पुन्हा आली. हॅमिल्टन हॉलमध्ये शिरून त्यांनी त्याला हिंद या गाझात मारल्या गेलेल्या चिमुरडीचं नाव दिलं. पोलिसांनी ती इमारत रिकामी केली ती तारीख ३० एप्रिलच. ज्यू विद्यार्थ्यांपैकी काहींना त्या दिवसांत शिवीगाळ झाली, भीती वाटली, हेही खरं आणि ते नाकारणं मला पटत नाही. पण मार्च २०२५मध्ये ट्रम्प सरकारनं ज्यूद्वेष आवरला नाही असं म्हणत विद्यापीठाचा संशोधनाचा पैसा रोखला, तो किती? ४० कोटी डॉलर. जुनी बाग विकून आले होते तेवढेच. विद्यापीठानं जुलैमध्ये तीन वर्षांत २० कोटी डॉलर भरायचं कबूल केलं, वर आणखी २ कोटी १० लाख. ज्यू मुलांना शंभर वर्षांपूर्वी दारातून परत पाठवल्याबद्दल मात्र कुठल्या सरकारनं त्याला कधी दंड केला नाही.

बाबासाहेबांचा अर्धपुतळा १९९५पासून तिथल्या एका ग्रंथालयात आहे. पण मला सांगायचंय ते १९५२चं. वर्षाच्या सुरुवातीला, देशाच्या पहिल्या निवडणुकीत, घटनेचा हा शिल्पकार मुंबईत हरला. जूनमध्ये कोलंबियानं त्यांना सन्मान्य डॉक्टरेट द्यायला बोलावलं. एकसष्ट वर्षांचे, मधुमेहानं थकलेले बाबासाहेब विमानानं निघाले. ड्यूई तेव्हा ब्याण्णव वर्षांचे होते, न्यूयॉर्कमध्येच राहत होते. त्यांची भेट होईल या आशेवर बाबासाहेब होते. १ जूनला ड्यूई गेले. विमान रोमपर्यंत आलं होतं, तेवढ्यात ते वारले, असं बाबासाहेबांनी न्यूयॉर्कहून पत्नी सविताबाईंना पत्रात कळवलं. फार वाईट वाटतंय, आपली सारी बौद्धिक जडणघडण त्यांची, असंही लिहिलं. ५ जूनला त्यांनी झगा चढवला आणि पदवी घेतली.